आधी कोण आजारी पडलं? वाचकांचे प्रश्न, गुरांच्या डॉक्टरची उत्तरं

गेल्या अंकात गोठा आणि ताप यावर दोन पानं लिहिली होती, त्यात शेवटी सहज म्हटलं होतं की घरात कुणाला ताप आला की आधी गोठ्यात डोकावून या, जनावराचा आजार माणसाला पण होतो. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. नावं छापत नाहीये, गावात उगाच चर्चा नको. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी गुरांचा डॉक्टर, सिन्नर, निफाड, पेठ असं फिरत नोकरी झाली आणि आता रिटायर होऊन नाशिकला बसलोय. माणसाला कुठली गोळी किती द्यायची हे मला विचारू नका. तुमच्या डॉक्टरांना काय सांगायचं, तेवढं मी सांगतो.

सर, आमच्या मिस्टरांना अडीच महिने झाले ताप येतोय. संध्याकाळी चढतो, रात्री घामाने अंथरूण ओलं होतं, सकाळी परत ठीक. कंबर आणि गुडघे धरलेत. टायफॉइडचे दोन कोर्स झाले, मलेरिया डेंग्यू निगेटिव्ह. आमच्या पाच गाई आहेत, त्यातल्या दोन दिवाळीच्या सुमारास सातव्या महिन्यात गाभडल्या. तुमचं वाचून मनात आलं की याचा त्याच्याशी संबंध असेल का, पण डॉक्टरांना गाईचं कसं सांगायचं, हसतील. (एक ताई, सिन्नर तालुका)

ताई, हसले तर हसू द्या, पण सांगा. उद्याच सांगा. गाई गाभडल्या, किती महिन्यांच्या होत्या, वार, म्हणजे गाभासोबत येणारी पिशवी, कुणी काढली, हे सगळं सांगा आणि ब्रुसेलोसिसची टेस्ट करायची का असं सरळ विचारा. तोच आजार आहे असं मी इथे बसून म्हणत नाही, टीबीपासून बऱ्याच गोष्टी असू शकतात, पण तुमच्या मिस्टरांची ही कहाणी मी नोकरीत इतक्यांदा ऐकलीय की गाईंचं वाचल्यावर मला पुढचं वाचायची गरजच पडली नाही.

आमच्यात याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय बाहेरून अगदी ठणठणीत दिसते, खाते पिते, दूध देते, आणि सहाव्या सातव्या आठव्या महिन्यात गाभ टाकते. त्या टाकलेल्या गाभात, वारेत, नंतर येणाऱ्या स्रावात जंतू अक्षरशः कोट्यवधी असतात. आता आपल्याकडे काय होतं, वार अडकली की घरातला माणूस बाही वर करून हात घालतो, हाताला ऊस तोडताना नाहीतर विळ्याने कापलेलं असतंच, झालं. मग ती वार उकिरड्यावर टाकतात, कुत्रं ती ओढत शेजारच्या वस्तीवर नेतं, म्हणजे तिकडच्या गोठ्यात पण पोचवली. दुसरी वाट कच्च्या दुधाची. माणसाला झाला की ताप येतो जातो, घाम, सांधे, कंबर, आणि थकवा असा की माणूस खाटेवरून उठत नाही, घरचे म्हणतात आळशी झाला. टायफॉइड समजून औषधं दिली की थोडं बरं वाटतं आणि परत येतो, कारण हा जंतू पेशींच्या आत लपून बसतो, याला सहा सहा आठवडे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यावी लागतात. मधेच सोडून चालत नाही, बरं वाटलं तरी.

मला स्वतःला झाला होता. कालवडींना ब्रुसेलाची लस टोचताना सुई बोटात गेली, ती लस जिवंत जंतूची असते. तीन दवाखाने फिरलो, चांगले नावाजलेले, भरपूर रक्त काढलं, पण धंदा काय करता हे एकाने विचारलं नाही. आणि मी पण सांगितलं नाही बरं का! गुरांचा डॉक्टर असून माझ्या डोक्यात यायला दोन महिने लागले. त्यामुळे तुम्ही लाजलात यात नवल नाही.

या आजाराचा शोध पण असाच रखडला होता. माल्टा नावाच्या बेटावर इंग्रजांचे सैनिक तापाने पडायचे. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने १८८७ मध्ये मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून जंतू शोधून काढला, म्हणजे जंतू सापडला, पण येतो कुठून ते कळेना, हवा बघितली, पाणी बघितलं, डास बघितले. शेवटी १९०५ मध्ये झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने बेटावरच्या शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला एकदम धडधाकट, म्हणून कुणाला शंकाच नव्हती. सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने कमी झाला. अठरा वर्षं गेली, शेळी दारातच उभी होती.

आता गोठ्याचं. उरलेल्या तीन गाईंचं आणि त्या दोघींचं रक्त तपासून घ्या, जनावरांच्या दवाखान्यात सांगा नाहीतर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पुन्हा गाय गाभडली तर उघडा हात लावायचा नाही, हातमोजे नसले तर निदान जाड प्लास्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत, सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच लस असते, सरकारी योजनेत फुकट मिळते. वळूला देत नाहीत, गाभण गाईला देत नाहीत. आणि त्या दोन गाई बाजारात नेऊन विकू नका. मला माहितीय हे सांगणं सोपं आहे, दोन गाई म्हणजे लाखाच्या वर रक्कम आहे, पण विकली की तुमचा आजार दुसऱ्याच्या दावणीला बांधला.

आमचे आजोबा ९१ वर्षांचे आहेत आणि आयुष्यभर धारोष्ण दूध प्यायले. तुम्ही लोक उगाच भीती घालता. (दिंडोरी)

आजोबांना नमस्कार सांगा. जे धारोष्ण पिऊन नव्वदीला पोचले ते दिसतात, जे कंबर धरून पन्नाशीत बसले त्यांना वात आहे असं म्हणायचे. दूध उकळा. खरवस बिनधास्त खा, तो वाफवलेलाच असतो.

सर मी बीएएमएसला आहे. हल्ली प्रत्येक सेमिनारला वन हेल्थ वन हेल्थ चालू असतं. खरंच काही नवीन आहे की नुसता फॅन्सी शब्द? परीक्षेपुरतं नाही, खरं सांगा. (नाशिक शहर)

शब्द नवीन, अक्कल जुनी. माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या. उंदीर पडले की गाव सोडायचं. घरात मेलेला उंदीर दिसला की माणूस आजारी पडायची वाट बघायची नाही, भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या टाकायच्या. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तिथून सगळीकडे पसरला, पुढच्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे आपण शाळेत शिकलोय. पण उंदरावरची पिसू हा आजार माणसाला देते हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ ला कराचीत दाखवलं, आणि तेव्हा पण बरीच वर्षं कुणी मानलं नाही. आजीच्या आईला पिसू माहीत नव्हती, उंदीर माहीत होता. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये प्लेग आला तेव्हा पण तसंच झालं, आधी उंदीर पडले, पिसवांनी लोक हैराण झाले, मग गाठी आल्या. एका वर्षापूर्वी किल्लारीचा भूकंप झाला होता, मोडक्या घरांमध्ये धान्य पडून राहिलं आणि उंदीर माजले असं तेव्हा बोललं गेलं.

म्हणजे बघा, भूकंप, धान्य, उंदीर, पिसू, माणूस. यातलं एक खातं महसूलचं, एक शेतीचं, एक आरोग्याचं, आणि उंदीर कुणाच्याच खात्यात नाही. वन हेल्थ म्हणजे या सगळ्यांनी एकमेकांना वेळेवर फोन करायचा. बाकी सेमिनारमध्ये जे तीन गोल एकमेकांत अडकवलेले दाखवतात ना, ते याच्यापेक्षा जास्त काही सांगत नाहीत.

चांगलं उदाहरण पाहिजे तर माकडताप घे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावातली माणसं तापाने पडायला लागली. पुण्याची व्हायरस संस्था, जी आता एनआयव्ही म्हणून ओळखतात, ती तेव्हा पाच वर्षांची होती. तिथली माणसं गेली, आधी शंका आली की पीतज्वर तर नाही, कारण त्यात पण माकडं मरतात, पण निघाला वेगळाच व्हायरस, जगात कुणाला माहीत नसलेला, गोचिडीतून जाणारा. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि पुढचं अंग शोधतात, लाकूडफाटा आणायला गेलेला माणूस सापडतो. तो शोध लागला कारण त्यांनी माणसांच्या रक्तासोबत माकडं, उंदीर, पक्षी, गोचिडी सगळं गोळा केलं. २०१६ ला हाच ताप सिंधुदुर्गात दोडामार्गला आला. आता तिकडे मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला कळवतात, माणूस पडायची वाट बघत नाहीत. आजीची उंदरांची गोष्टच ती.

नागपूरला वन हेल्थची राष्ट्रीय संस्था होतेय, डिसेंबर २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. चांगलंच आहे. पण मला विचारशील तर आमच्या तालुक्याच्या गावी माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना यात एक रस्ता होता फक्त, चहा एकाच टपरीवर प्यायचो, आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत आजाराबद्दल आमची किती वेळा बोलणी झाली ते मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन. तू डॉक्टर झालास की ओपीडीत एक प्रश्न जास्तीचा विचार, घरी जनावर काय आहे आणि ते बरं आहे का. त्याला बजेट लागत नाही.

आमच्या सोसायटीबाहेर १५-२० कुत्री आहेत. माझ्या मुलीला पिंडरीला दात लागला, थोडंसंच रक्त आलं. सासूबाईंनी लगेच मिरचीची पूड लावली. इंजेक्शन चालू केलीत पण मला राग याचा येतो की एवढी कुत्री आली कुठून, आमच्या लहानपणी इतकी नव्हती. (इंदिरानगर)

आधी मुलीचं. मिरची, चुना, हळद, तेल, काही नाही लावायचं, सासूबाईंना रागावू नका पण सांगा. साबण आणि नळाचं वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. रक्त आलंय म्हणजे नुसती लस पुरत नाही, जखमेत रेबीजचं सिरम, म्हणजे तयार अँटिबॉडी, पण टोचावं लागतं, ते दिलंय का हे पेपरवर बघा, नसेल तर आजच्या आज जा, कारण पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंतच ते देतात. आणि कुत्रं साधं वाटत होतं म्हणून पुढचे डोस सोडायचे नाहीत. रेबीज एकदा दिसायला लागला की जगातल्या कुठल्याच दवाखान्यात त्याला इलाज नाही.

आता कुत्री कुठून आली. याचं उत्तर द्यायला मला थोडं अवघड जातं, कारण त्यात माझा पण हात आहे.

कचरा, उघड्यावर टाकलेलं मटणाचं उरलंसुरलं, हे तर आहेच. पण तुमच्या लहानपणी गावाबाहेर ढोरफोडीची जागा असायची आठवतं का, मेलेलं जनावर तिथे टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची आणि हाडं साफ. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधराएक वर्षांत हजारात एखादं उरलं. सगळ्यांना वाटायचं काहीतरी साथ आली असेल. २००४ मध्ये कळलं की कारण डायक्लोफेनॅक. हो, आपण कंबर दुखली की घेतो तेच. गाय लंगडली, ताप आला, कास सुजली की आम्ही ते टोचायचो, स्वस्त होतं, लगेच फरक पडायचा, शेतकरी खूश. मी स्वतः किती टोचलंय त्याला हिशोब नाही. टोचल्यावर जनावर एकदोन दिवसांत मेलं की ते औषध मांसात राहायचं, गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या बंद. पेठला असताना एक म्हातारा मला म्हणाला होता की साहेब हल्ली गिधाडं मान खाली टाकून बसतात, पेंगल्यासारखी, आणि मग झाडावरून पडतात. मी मान हलवली आणि पुढच्या बैलाला डायक्लोफेनॅक दिलं. त्याला दिसत होतं, मला कळत नव्हतं.

गिधाडं गेली, मढी तशीच राहिली, ती कुत्र्यांनी खाल्ली. एका अभ्यासाचा अंदाज असा की त्या काळात देशात जवळपास ५५ लाख कुत्री जास्तीची झाली. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात ५ लाख माणसं जास्तीची मेली, रेबीज आणि सडलेल्या मढ्यांनी खराब झालेलं पाणी दोन्ही धरून. आकडा थोडा इकडे तिकडे करा हवा तर. गाईच्या गुडघ्याचं औषध आणि तुमच्या मुलीची पिंडरी यांच्यात दोरी आहे एवढं खरं.

जनावरांसाठी ते औषध २००६ ला बंद झालं, त्याच्या जागी मेलोक्सिकॅम आलं, ते गिधाडाला चालतं. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केलीय, लोक गिधाडांचं हॉटेल म्हणतात. सुट्टीत मुलीला घेऊन जा, जाताना इगतपुरी तालुक्यातलं टाकेद पण करा, जटायूने जिथे प्राण सोडला म्हणतात ते. उलटसुलट रस्ता होईल पण होऊ द्या.

आणि सोसायटीत भांडणं चालू असतील, कुत्री उचलून नेऊन टाका विरुद्ध खायला घाला. दोन्ही पार्ट्यांना सांगा की भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर रेबीज त्यांच्यात टिकत नाही. उचलून दुसरीकडे टाकली तर रिकाम्या जागी बिनालसीची नवी येतात. जी बाई रोज पोळ्या घालते ना, कुत्री तिच्याकडेच येतात, तिला बरोबर घ्या, लस टोचणाऱ्या पोरांचं अर्धं काम तीच करेल.

म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं, दहा बारा दिवस आम्ही आणि डेअरीने तिचं दूध वापरलं, मग म्हैस मेली. आता सगळं गाव लस घ्यायला पीएचसीला लाईन लावून उभं आहे. (चांदवड)

दूध उकळून, चहात घालून घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही, उकळल्यावर तो व्हायरस टिकत नाही. ज्यांनी कच्चं प्यायलंय, किंवा म्हैस आजारी असताना तोंडात हात घातलाय, नाळीने औषध पाजलंय, लाळ हातावरच्या जखमेला लागलीय, त्यांनी मात्र लाईनीत पुढे उभं राहायचं. साधारण दोन चार माणसं निघतील. सगळं गाव उभं राहिलं तर लस संपते आणि ज्याला खरंच कुत्रं चावलंय तो परत जातो, हे मी बघितलंय. म्हैस गिळू शकत नव्हती, घशात काहीतरी अडकलं असं वाटलं म्हणून हात घातला, हे नेहमीचं आहे, रेबीजमध्ये घसाच लुळा पडतो. ज्याने हात घातला तो बहुतेक घरातला सगळ्यात धीट गडी असतो आणि तोच म्हणतो मला काही होत नाही. त्याला धरून न्या.

नांदूरमधमेश्वरजवळ आमचा मळा आहे, ६० गावठी कोंबड्या आहेत. थंडीत परदेशी पक्षी येतात. परवा बांधावर तीन कावळे मेलेले सापडले. कळवलं तर आमच्या कोंबड्या मारतील का? (निफाड तालुका)

दादा, प्रामाणिक प्रश्न विचारलात. खरं उत्तर असं की कावळ्यांचा रिपोर्ट बर्ड फ्लूचा आला आणि तुमच्या कोंबड्यांत पण निघाला तर हो, मारतील, आणि आसपास एक किलोमीटरमधल्या पण. भरपाई मिळते, बाजारभावाएवढी नसते, आणि उशिरा येते. या भीतीने लोक खड्डा खणून पुरतात आणि गप्प बसतात. मी त्यांना दोष देत नाही, मला वाटतं भरपाई लवकर आणि नीट द्यायला लागले ना तर अर्धा बर्ड फ्लू तिथेच सापडेल, लॅब नंतर वाढवा.

पण गप्प बसलात तर काय होतं ते नवापूरला बघितलंय आपण, फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात निघाला, लाखोंनी कोंबड्या मारल्या, लोकांनी चिकन खाणं सोडलं, ज्यांच्याकडे आजार नव्हता ते पण बुडाले. हा व्हायरस आता कोंबड्यांपुरता राहिला नाहीये. नागपूरच्या गोरेवाड्यात याने तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, बातमी २०२५ च्या जानेवारीत आली होती. अमेरिकेत २०२४ पासून गाईंमध्ये शिरलाय, दुधात सापडला. म्हणजे पक्ष्याकडून गाईकडे, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

म्हणून कावळ्यांना हात लावू नका, पोरांना पण लावू देऊ नका, १९६२ ला कळवा. नमुने भोपाळच्या लॅबला जातात. उन्हाने, विजेच्या तारेने, औषध खाऊन पण कावळे मरतात, तीन मेले म्हणजे बर्ड फ्लूच असं नाही. तोपर्यंत कोंबड्या जाळीच्या आत ठेवा, बॅकवॉटरचं पाणी त्यांना पाजू नका, पाणथळीत जाऊन आलेली चप्पल खुराड्यात न्यायची नाही. अंडी, चिकन नीट शिजवून खायला काही हरकत नाही. आणि त्या पाहुण्या पक्ष्यांना शिव्या नका घालू, हजारो किलोमीटर उडून आलेत, त्यांच्या जिवावर आपलं नांदूरमधमेश्वर महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे जगाने मान्य केलेली महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० ला जाहीर झालं.

तुम्ही माणूस आणि जनावराचं बोलता, डाळिंबाचा यात काय संबंध? आमचे कृषी सेवा केंद्रवाले भाऊ म्हणाले तुमच्या गुरांच्या डॉक्टरला विचारा. (सटाणा)

भाऊंनी मला अडकवायला विचारलंय पण प्रश्न भारी आहे. डाळिंबावर तेल्या रोग आला की काय मारता? स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात काय असतं, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, म्हणजे माणसाच्या टीबीवर वापरलेलं औषध आणि आम्ही गाईच्या गर्भाशयात ठेवायचो त्या जातीचं औषध, ते तुम्ही पंपाने हवेत उडवताय. काही पानावर, बाकीचं जमिनीवर, फवारणाऱ्या गड्याच्या नाकात. जमिनीतले जंतू त्याला सरावतात. तिकडे पोल्ट्रीत पिल्लं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक, कोलिस्टिन पण घालायचे, जे आयसीयूत बाकी सगळं फेल गेल्यावर शेवटचं काढतात. सरकारने २०१९ ला जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बंद केलं. पोल्ट्रीचं कोंबडखत कुठे येतं? तुमच्याच डाळिंबात आणि निफाडच्या द्राक्षात. तिथून पावसात विहिरीत. जंतूंना एकमेकांना ही कला शिकवता येते, जात वेगळी असली तरी, आपल्यापेक्षा मोकळे आहेत ते त्या बाबतीत.

मग लघवीच्या साध्या इन्फेक्शनला आपल्या आईला साधी गोळी लागू पडत नाही आणि डॉक्टर म्हणतात रेझिस्टन्स आहे. कोंबडखत कच्चं टाकू नका, नीट कुजवून टाका, ढिगात उष्णता धरली की बरेच जंतू मरतात. तेल्याला बागेची छाटणी, रोगट फळं फांद्या बाहेर नेऊन जाळणं, कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, हे कंटाळवाणं काम आधी. बाकी फवारणीचं वेळापत्रक मी सांगणार नाही, भाऊंचा धंदा त्यांनी करावा.

सिंहस्थ आलाय, २०२७ ला लाखो लोक गोदावरीत उतरतील. साथ येईल का? (पंचवटी)

येईल की नाही हे सांगणारा मी ज्योतिषी नाही. पण आधी कळायची सोय करता येते. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी गटाराचं पाणी तपासतात, कोविडमध्ये पण बऱ्याच शहरांनी ते केलं. माणूस दवाखान्यात यायच्या आधी त्याचा जंतू गटारात येतो. साधू उतरतात त्या साधुग्रामचं सांडपाणी, रामकुंडाचं पाणी रोज तपासून तो आकडा त्याच संध्याकाळी दवाखान्यांना कळवला, तर जुलाबाची साथ दोन चार दिवस आधी पकडता येते. नुसता तपासून फायलीत ठेवला तर नाही. आपल्या शहरात आरोग्य विद्यापीठ आहे, पोरंपोरी आहेत, हे काम त्यांना द्या ना.

आणि पंचवटीत राहता म्हणून सांगतो, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आपण सगळे पूर बघायला जातो, अनवाणी चिखलात उतरतो. त्या चिखलात उंदरांची, गुरांची, कुत्र्यांची लघवी मिसळलेली असते, पायाला भेग असली की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा जंतू, आत शिरतो. आठवड्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना सांगा की पुराच्या पाण्यात उतरलो होतो. ते विचारणार नाहीत.

वाड्यामागच्या वडावर शेकडो वटवाघळं आहेत. निपाहची भीती वाटते, झाड तोडायचं म्हणतायत शेजारी. (जुने नाशिक)

तोडू नका. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये एनआयव्हीला निपाह व्हायरसच्या खुणा सापडल्या होत्या, हे खरं, २०२१ ला जाहीर झालं. पण म्हणून तिकडे माणसांत साथ आली नाही. वटवाघूळ घाबरलं, उपाशी राहिलं, झाड गेलं की त्याच्या लाळेतून लघवीतून व्हायरस जास्त बाहेर पडतो असं दिसलंय, आणि ती शेकडो वटवाघळं मग जवळच्याच दुसऱ्या झाडावर जातील. झाडाखाली पडलेला, चोखलेला पेरू, चिकू, आंबा खायचा नाही, बकरीला पण घालायचा नाही. विहीर किंवा टाकी वडाखाली असेल तर झाकण बसवा. पोरांनी पडलेलं पिल्लू उचलून आणलं तर रागावण्याआधी हात धुवायला लावा, आणि कुठे ओरखडा, चावा दिसला तर सरळ दवाखाना.